शेवटाचं वेळापत्रक कुणी लिहिलं?

जगाच्या अंताबद्दल ख्रिस्ती लोक काय मानतात असं विचारलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभं राहतं. ते कधी हॉलिवूडच्या सिनेमांतून आलेलं असतं, कधी युट्यूबवरच्या प्रवचनांतून, कधी स्टेशनाबाहेर हातात पडलेल्या पत्रकातून. एके दिवशी खरे विश्वासणारे क्षणात पृथ्वीवरून उचलले जातील. मागे राहिलेल्यांवर सात वर्षं महासंकट कोसळेल. ख्रिस्तविरोधक सगळी सत्ता बळकावेल आणि उजव्या हातावर किंवा कपाळावर त्याची खूण असल्याशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही. मग ख्रिस्त परत येईल, हजार वर्षं राज्य करील आणि त्यानंतर अखेरचा न्याय होईल. हे सगळं इतकं क्रमवार सांगितलं जातं, की बायबलमध्ये ते एका जागी याच क्रमाने लिहिलेलं असणार असं कुणीही धरून चालेल. पण तसं ते कुठेच लिहिलेलं नाही. उचललं जाण्याची गोष्ट पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. सात वर्षांचा हिशेब जुन्या करारातल्या दानीएलच्या नवव्या अध्यायावरून मांडलेला आहे. ‘ख्रिस्तविरोधक’ हे नाव फक्त योहानाच्या पत्रांत येतं; नव्या करारातल्या ज्या प्रकटीकरणाशी आपण ते जोडतो, त्या पुस्तकात ते एकदाही नाही. आणि हजार वर्षांचं राज्य सबंध बायबलमध्ये फक्त प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात सापडतं. वेगवेगळ्या कपड्यांचे तुकडे घेऊन गोधडी शिवावी, तसं हे वेळापत्रक शिवलेलं आहे. तुकडे खरे आहेत, जुने आहेत. ते एकमेकांना कसे जोडायचे, हे मात्र वाचकांनी ठरवलं आणि ठरवताना आपापल्या काळाचा अनुभव त्यात घातला. ख्रिस्ती पंथांमध्ये अंतकाळाविषयी इतके मतभेद का आहेत, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. आणि हे वेळापत्रक बाजूला ठेवलं तरी त्या श्रद्धेचा गाभा ढळत नाही.

गाभा कोणता, ते आधी पाहिलं पाहिजे. चौथ्या शतकात, ३२५ मध्ये नायसिया इथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे भरलेल्या धर्मसभांतून जो विश्वासांगीकार आकाराला आला, तो आजही रोमन कॅथलिक, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या, म्हणजे चर्चसंस्था, मान्य करतात. वसईतल्या, गोव्यातल्या चर्चमध्ये तो रविवारच्या उपासनेत म्हटला जातो. अंताविषयी त्यात सांगितलेलं थोडकंच आहे: ख्रिस्त जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करायला पुन्हा येईल, त्याच्या राज्याला अंत नसेल, मृतांचं पुनरुत्थान होईल आणि येणाऱ्या युगाचं जीवन असेल. हजार वर्षांचा त्यात उल्लेख नाही. सात वर्षांचा नाही, उचललं जाण्याचा नाही, ६६६ चाही नाही. याहून बोलका पुरावा म्हणजे प्रकटीकरण हे पुस्तकच कित्येक शतकं काही मंडळ्यांच्या हाती नव्हतं किंवा त्यांच्या मनाला पटत नव्हतं. सुरियानी भाषेतल्या ‘पेशित्ता’ या जुन्या भाषांतरात, म्हणजे ज्या परंपरेत केरळचे सुरियानी ख्रिस्ती वाढले त्या परंपरेच्या बायबलमध्ये, ते मुळात नव्हतंच. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीने ते बायबलमध्ये ठेवलं, पण उपासनेतल्या नेमून दिलेल्या वाचनांत आजही घेतलेलं नाही. मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या आपल्या प्रस्तावनेत या पुस्तकाविषयी उघड शंका व्यक्त केली होती, आणि नव्या कराराच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकावर भाष्य लिहिणाऱ्या कॅल्व्हिनने यावर भाष्य लिहिलं नाही. यांतल्या कुणाचाही ख्रिस्ताच्या पुनरागमनावरचा विश्वास त्यामुळे उणा झाला नाही.

मग वाद कशावर आहे? मुख्यतः त्या विसाव्या अध्यायातल्या मोजक्या ओळींवर. तिथे एक देवदूत सैतानाला साखळीने बांधून हजार वर्षं कोंडून ठेवतो, आणि ख्रिस्तासाठी प्राण दिलेले लोक जिवंत होऊन त्याच्याबरोबर हजार वर्षं राज्य करतात. सहा वचनांत ‘हजार वर्षं’ हे शब्द सहा वेळा येतात. हा काळ कधीचा? एक उत्तर असं, की ख्रिस्त आधी येईल आणि मग त्याचं हजार वर्षांचं राज्य या पृथ्वीवर सुरू होईल. दुसरं उत्तर असं, की सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारत जाईल, शांतीचं एक दीर्घ युग येईल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल. तिसरं असं, की हजार वर्षं ही मोजायची वर्षं नव्हेतच. ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासून दुसऱ्या आगमनापर्यंतचा सगळा काळ, म्हणजे मंडळीचा आताचा काळ, हेच ते राज्य. अभ्यासक या तीन मतांना तीन भारदस्त नावं देतात. सामान्य वाचकाने एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरे, की पहिल्या मतात ख्रिस्त हजार वर्षांच्या आधी येतो, दुसऱ्यात नंतर येतो, आणि तिसऱ्यात ती हजार वर्षं चालूच आहेत. मूळ ग्रंथ तिघांचा एकच आहे.

पहिल्या तीन शतकांत पहिलं मत जोरात होतं. पापियस, जस्टिन मार्टर, इरेनियस हे सुरुवातीचे ख्रिस्ती लेखक येणाऱ्या राज्याकडे डोळे लावून होते. इरेनियसने पापियसच्या हवाल्याने त्या राज्यातल्या द्राक्षवेलींचं वर्णन दिलं आहे: प्रत्येक वेलीला दहा हजार फांद्या, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि पुढे घोसांचा आणि मण्यांचा हिशेबही याच पटीत. हे वर्णन अतिशयोक्तीचं म्हणून सोडून देऊ नये. ज्यांच्या माणसांना रोमन सत्ता श्वापदांपुढे टाकत होती, ज्यांची पुस्तकं जाळली जात होती, त्यांना न्याय याच मातीवर हवा होता. ज्या पृथ्वीवर आपलं रक्त सांडलं, तिच्यावरच देवाने आपल्याला भरून द्यावं, अशी ती मागणी होती, आणि इरेनियस तसा युक्तिवाद करतोही. पुढे चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाला आणि चित्र पालटलं. ऑगस्टीनने ४१३ ते ४२६ या काळात लिहिलेल्या ‘देवाचं नगर’ या प्रचंड ग्रंथाच्या विसाव्या खंडात हजार वर्षांचा नवा अर्थ लावला. सैतानाला बांधण्याचं काम ख्रिस्ताने आपल्या पहिल्या आगमनातच केलं. त्या अध्यायातलं पहिलं पुनरुत्थान म्हणजे आत्म्याचं नव्याने जिवंत होणं. हजार ही संख्या पूर्णत्वाची खूण. आपणही पूर्वी पहिल्या मताकडे झुकलो होतो, हे त्याने तिथे मोकळेपणाने नोंदवलं आहे. पश्चिमेकडच्या मंडळीने हाच अर्थ उचलला आणि दीड हजार वर्षं धरून ठेवला. १९४४ मध्ये रोमच्या धर्मसिद्धान्त विभागाने स्पष्ट केलं, की अंतिम न्यायाच्या आधी ख्रिस्त या जगावर दृश्य रूपाने राज्य करायला येईल, हे मत सौम्य स्वरूपातही शिकवणं सुरक्षित नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तीच भूमिका आहे. त्यामुळे वसईतला किंवा मडगावचा कॅथलिक माणूस अंताचा विचार करतो तेव्हा त्याच्या मनात मृत्यूनंतरचा प्रत्येकाचा न्याय, आत्म्याची शुद्धी, नोव्हेंबरात मृतांसाठी होणारी प्रार्थना आणि सरतेशेवटी सर्वांचा एकत्र न्याय असा क्रम असतो. सात वर्षांचं महासंकट त्याच्या धर्मशिक्षणात कधी आलेलंच नसतं.

ग्रंथातले तुकडे कसे जोडले जातात ते नीट पाहायचं, तर ६६६ या संख्येपाशी थांबायला हवं. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात लेखक म्हणतो, की ही त्या श्वापदाची, म्हणजे ज्याला लोक ख्रिस्तविरोधक म्हणतात त्याची, संख्या आहे, ती एका माणसाची संख्या आहे, आणि बुद्धी असलेल्याने ती मोजावी. त्या काळी हिब्रू आणि ग्रीक अक्षरंच आकडे म्हणून वापरली जात, त्यामुळे नावाची बेरीज करता येई. ‘नेरोन केसर’, म्हणजे सम्राट नीरो, हे नाव हिब्रू अक्षरांत लिहिलं तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६० आणि शेवटचा रेश २००, अशी बेरीज बरोबर ६६६ येते. काही प्राचीन हस्तलिखितांत, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यातही, ही संख्या ६१६ अशी आहे. लॅटिन उच्चाराप्रमाणे नावाच्या शेवटचा ‘न’ गाळला, की ५० वजा होऊन नेमकी तीच संख्या उरते. दोन वेगळे पाठ आणि दोन्हींची उकल एकाच नावात, हा निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे, म्हणून बहुतेक अभ्यासक हा अर्थ स्वीकारतात. नीरोने सन ६४ च्या आगीनंतर रोममधल्या ख्रिस्ती लोकांचा अमानुष छळ केला होता, आणि तो मेल्यानंतरही पुन्हा येईल अशी अफवा कित्येक वर्षं फिरत होती. डोमिशियन सम्राटाच्या काळात, सन ९५ च्या सुमारास, आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना हे पुस्तक मिळालं असं मानलं, तर त्यांना ही संख्या वाचून कुणाची आठवण झाली असेल ते उघड आहे. पण पुढच्या प्रत्येक पिढीने तीच संख्या आपल्या शत्रूच्या कपाळी लावली. धर्मसुधारणेच्या काळातल्या प्रॉटेस्टंटांनी ती पोपला लावली, नंतर कुणी नेपोलियनला, आणि आपल्या हयातीत ती बारकोडला आणि कोविडच्या लशीला लागली. अर्थ लावणाऱ्याचा काळ अर्थात कसा मिसळतो, हे दाखवायला याहून उघड उदाहरण नाही.

हाच नियम मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकात दिसतो, आणि तिथे ही गोष्ट थेट महाराष्ट्रात येते. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकी मिशनरी मुंबईत उतरले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखल्या गेलेल्या कामाची ती सुरुवात. ते न्यू इंग्लंडच्या ज्या वर्तुळातून आले, तिथे दुसऱ्या मताचा, म्हणजे जग सुधारत जाऊन शांतीचं युग येईल या आशेचा, मोठा पगडा होता. सॅम्युअल हॉपकिन्स या धर्मपंडिताने १७९३ मध्ये त्या युगावर सबंध ग्रंथ लिहिला होता. हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युअल न्यूएल यांनी मुंबईत बसून एक पुस्तिका लिहिली, ती १८१८ मध्ये अमेरिकेत छापली गेली. तिचा विषय सगळ्या जगाचं धर्मांतर. सुवार्ता न पोहोचलेली साठ कोटी माणसं, दर वीस हजारांमागे एक मिशनरी, म्हणजे एकूण तीस हजार मिशनरी, आणि वीसएक वर्षांत काम पुरं, असा रोखठोक हिशेब त्यांनी मांडला. आज तो भाबडा वाटतो. शिवाय त्यात इथल्या लोकांच्या स्वतःच्या धर्मविचाराला जागा नव्हती, हा दोष झाकण्यासारखा नाही. पण ज्या आशेतून तो हिशेब आला, तिच्यातूनच मुंबईत त्यांचा छापखाना आला, शाळा आल्या, नंतर अहमदनगरचं काम उभं राहिलं आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. इतिहास पुढे सरकतो आहे आणि त्यात आपल्या हातच्या कामाला मोल आहे, अशी ज्याची खात्री असते तो छापखाना काढतो. न्यूएल १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेला. हॉलला १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर कॉलऱ्यानेच गाठलं.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये अगदी उलट दिशेचं वाचन तयार होत होतं. जॉन नेल्सन डार्बी हा अँग्लिकन धर्मगुरू आपली मंडळी सोडून नव्या, साध्या बंधुमंडळांत सामील झाला. फ्रेंच राज्यक्रांतीने राजे आणि धर्मपीठं हादरवली होती, आणि जग सुधारतं आहे हे त्याला आणि त्याच्या सोबत्यांना दिसत नव्हतं. डार्बीने दानीएलच्या नवव्या अध्यायाला हात घातला. तिथे सत्तर सप्तकांचा, म्हणजे ४९० वर्षांचा, काळ सांगितला आहे. डार्बीच्या मते त्यातली ६९ सप्तकं ख्रिस्तापर्यंत संपली, यहुद्यांनी त्याला नाकारलं तेव्हा घड्याळ थांबलं, आणि शेवटचं एक सप्तक, म्हणजे सात वर्षं, अजून बाकी आहेत. मधला सारा मंडळीचा काळ म्हणजे त्या थांबलेल्या घड्याळातली फट. ते पुन्हा चालू व्हायचं, तर आधी मंडळी पृथ्वीवरून उचलली जायला हवी. म्हणून उचललं जाणं सात वर्षांच्या आधी. आज जे चित्र ‘बायबलमधलं’ म्हणून सर्रास सांगितलं जातं, त्याची मुख्य शिवण ही आहे. डार्बीने १८६० आणि १८७० च्या दशकांत अमेरिकेचे अनेक दौरे केले. तिथे यादवी युद्ध होऊन गेलं होतं, लाखो माणसं मेली होती, आणि जग सुधारत जाईल या आशेला तडा गेला होता. १९०९ मध्ये सायरस स्कोफिल्डने आपलं टिपांचं बायबल काढलं. त्यात डार्बीची मांडणी वचनांच्या खालीच, त्याच पानावर छापलेली होती. वाचणाऱ्याला वचन कुठे संपलं आणि टीप कुठे सुरू झाली याचं भान राहिलं नाही, असं अनेक टीकाकारांनी म्हटलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. पाच वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं आणि सुधारत्या जगाची आशा बाळगणारं दुसरं मत जवळजवळ विरून गेलं. हॅल लिंडसेचं अंतकाळावरचं १९७० चं पुस्तक आणि १९९५ पासूनची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही कादंबरीमाला यांनी स्कोफिल्डच्या टिपा घराघरांत नेल्या. पेंटेकॉस्टल आणि स्वतंत्र मंडळ्यांमार्फत त्या मुंबई-पुण्याच्या सभागृहांतही पोहोचल्या. मराठी प्रॉटेस्टंटांत आज दोन्ही वारसे शेजारी शेजारी नांदतात: अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळ्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत, आणि त्यांच्याच घरातली तरुण मुलं अनेकदा डार्बीचा क्रम शिकवणाऱ्या सभांना जातात.

या मांडणीवर पहिला आक्षेप सरळ आहे. श्रद्धेला तुम्ही परिस्थितीचं पिल्लू ठरवता आहात; छळ झाला की एक मत, सुबत्ता आली की दुसरं. मी तसं म्हणत नाही, आणि पुरावाही तसा नाही. ऑगस्टीनने आपला शांत अर्थ लिहिला तो ४१० मध्ये रोम लुटलं गेल्यानंतर, म्हणजे जग कोसळतंय असं वाटावं अशाच काळात. डार्बीची सुरुवातीची मंडळी आयरिश सरदारांच्या वाड्यात जमत होती. त्यांच्यावर कुणी श्वापदं सोडलेली नव्हती. परिस्थिती मत जन्माला घालत नाही. ग्रंथात ज्या शक्यता आधीपासून आहेत, त्यांतली कोणती पिढीला खरी वाटेल ते मात्र ती बऱ्याच अंशी ठरवते. आणि हे मान्य केल्याने श्रद्धा लहान होत नाही. उलट, आपल्या मताचा किती भाग ग्रंथातून आला आणि किती आपल्या काळातून, हे तपासण्याची सवय लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो शब्दशः अर्थ घेणाऱ्यांकडून येतो. ते म्हणतात, ग्रंथ हजार वर्षं म्हणतो, तुम्ही त्याचं प्रतीक करता. ग्रंथ इस्राएलला वचनं देतो, तुम्ही ती मंडळीच्या नावावर करता. या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. यहुद्यांना दिलेली सगळी वचनं आता आपली, असं म्हणत युरोपातल्या मंडळ्यांनी यहुद्यांना देवाने टाकलेले लोक ठरवलं, आणि त्या तिरस्काराचे परिणाम इतिहासाने पाहिले आहेत. तेव्हा इस्राएलविषयीची वचनं गांभीर्याने घ्या, ही मागणी न्याय्य आहे. पण शब्दशः वाचन स्वतःही निवड करतंच. विसाव्या अध्यायात हजार वर्षांच्या शेजारीच एक किल्ली आहे, एक साखळी आहे आणि सापरूपी अजगर आहे. साखळी लोखंडाची होती असं कुणी म्हणत नाही. एका वाक्यातली साखळी प्रतीक आणि वर्षं मात्र मोजून हजार, हा निर्णय वाचकाचा आहे. शिवाय या निर्णयाची किंमत माणसं मोजतात. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं आणि १९६७ च्या युद्धात पूर्व जेरुसलेमही त्याच्या ताब्यात आलं, तेव्हा अमेरिकेतल्या कोट्यवधी ख्रिस्ती लोकांनी ते आपल्या वेळापत्रकातलं पुढचं पान मानलं आणि तिथल्या पॅलेस्टिनींच्या विस्थापनाकडे त्याच नजरेने पाहिलं. बेथलेहेमच्या आणि जेरुसलेमच्या ख्रिस्ती लोकांनी, ज्यांची घराणी तिथे शतकानुशतकं आहेत, २००९ च्या ‘कैरोस पॅलेस्टाइन’ या निवेदनात या वाचनाला उघड विरोध केला. एकाच ग्रंथावर विश्वास ठेवणारे लोक एकाच भूमीविषयी इतके दूर उभे आहेत, हे मला या साऱ्या वादातलं सर्वांत क्लेशाचं वास्तव वाटतं.

वेळापत्रक एकदा मान्य केलं, की तारीख काढण्याचा मोह आवरणं कठीण जातं. खरं तर त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याखेरीज कुणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही, असं मार्कच्या तेराव्या अध्यायात स्वतः येशूच्या तोंडी आहे. यापेक्षा स्पष्ट मनाई कशी असते? तरीही १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही पुनर्बाप्तिस्मावाद्यांनी नवं जेरुसलेम इथेच अवतरणार म्हणून सत्ता हाती घेतली. त्याचा शेवट वेढा, उपासमार आणि कत्तलीत झाला, आणि त्यांच्या पुढाऱ्यांची प्रेतं ठेवलेले तीन लोखंडी पिंजरे संत लँबर्टच्या चर्चच्या मनोऱ्यावर अजून टांगलेले आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याने दानीएलच्या आठव्या अध्यायातले २,३०० दिवस वर्षं म्हणून मोजले, इसवी सनापूर्वी ४५७ पासून सुरुवात केली आणि १८४३ गाठलं. ते साल गेलं, तेव्हा त्याच्या चळवळीतल्या दुसऱ्यांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला. हजारो माणसं वाट पाहत होती. काहींनी पिकं शेतात तशीच उभी ठेवली होती. तो दिवस मावळला आणि पुढची सकाळ नेहमीसारखी उजाडली. त्या निराशेतून उरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी स्थापली, जिची पुण्यातली स्पायसर ही संस्था आपल्याकडच्या अनेकांना माहीत असेल. आता ही मंडळी तारखा काढत नाही आणि जगभर शाळा, रुग्णालयं चालवते, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. तारखा काढणारे इतर थांबले नाहीत. एडगर व्हिझनंट यांनी १९८८ ठरवलं, हॅरल्ड कँपिंग यांनी २१ मे २०११. आयझॅक न्यूटनने अठराव्या शतकाच्या आरंभी एका टिपणात २०६० चा उल्लेख केला, तोही त्याच्याच म्हणण्याप्रमाणे उतावळ्या अंदाजांना लगाम बसावा म्हणून. त्याआधी अंत होणार नाही, असं त्याला सांगायचं होतं.

शेवटचा आक्षेप श्रद्धावानांच्या काळजातून येतो. अंत जवळ आहे ही जाणीव काढून घेतली तर मंडळी निजेल, असं ते म्हणतात. आणि या बाजूचा पुरावा खरोखर मोठा आहे. जग बुडतं आहे असं मानणाऱ्यांनी हात झटकून बसायला हवं होतं. पण बंधुमंडळांतल्या जॉर्ज म्युलरने इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला हजारो अनाथ मुलं सांभाळली, आणि त्याचा मेव्हणा, एक्झिटरचा दंतवैद्य अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज, कमाई सोडून आधी बगदादला आणि १८३३ मध्ये हिंदुस्थानात आला. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जी आध्यात्मिक जागृती झाली, तिला तिथल्या मिनी अब्रम्स आणि त्या वर्तुळातले इतर लोक ख्रिस्ताच्या येण्याआधीचा पवित्र आत्म्याचा वर्षाव समजत होते. त्याच मुक्तीत दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली विणकाम शिकत होत्या, शेती करत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून पूर्ण झालं. म्हणजे जवळच्या अंताची अपेक्षा माणसाला आळशी करतेच असं नाही. पण नीट पाहिलं तर केडगावला काम करायला लावणारी गोष्ट वेळापत्रक नव्हती. तारीख ठरवून वाट पाहणाऱ्यांनी १८४४ मध्ये पिकं उभी सोडली. केडगावला येणाऱ्याची वाट पाहिली जात होती, पण तारीख कुणी काढली नव्हती, आणि विहिरी खणल्या जात होत्या.

हा भेद फार जुना आहे. नव्या करारातलं बहुधा सर्वांत आधी लिहिलं गेलेलं लेखन म्हणजे थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, सन ५० च्या आसपासचं. तिथल्या लोकांचा प्रश्न कालक्रमाचा नव्हता. त्यांची काही माणसं ख्रिस्त परत यायच्या आधीच वारली होती, आणि ती आता मुकणार का, या दुःखात ते होते. मेलेले मागे राहणार नाहीत, किंबहुना तेच आधी उठतील, मग उरलेलेही त्यांच्याबरोबर घेतले जातील आणि सगळे एकत्र असतील, असं पौल त्यांना कळवतो. पुढे ज्या ओळींवरून उचललं जाण्याचा तक्ता तयार झाला, त्या या ओळी. कॅथलिक अंत्यविधीसाठी नेमलेल्या वाचनांत आजही त्या आहेत, आणि तिथे त्या मूळच्याच कामासाठी वाचल्या जातात. त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रभूचा दिवस येऊन ठेपलाच आहे अशा बातम्यांनी गांगरून जाऊ नका, अशी ताकीद आहे. पुढच्याच अध्यायात काम सोडून दुसऱ्यांच्या भानगडीत फिरणाऱ्यांना सांगितलं आहे, की निमूटपणे काम करा आणि आपली भाकर आपण कमवा. या दोन सूचनांचा एकमेकींशी संबंध होता असं अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि दोन्ही अध्याय सलग वाचणाऱ्याला तसं वाटल्याशिवाय राहत नाही.